मला गाणं आवडू लागलं, तेव्हा

आता तुमच्याशी ओरडून बोलायची गरज राहिली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. गेली चार वर्षं घरात इतक्या मोठ्याने बोलायची सवय झाली होती, की तेरवीच्या पंगतीत मी शेजारच्या काकूंना "भात घ्या" म्हटलं तर त्या दचकल्या. वैशालीने माझा हात धरला. "आई, हळू बोल. इथं सगळ्यायले ऐकू येते." मी गप्प झाले, ती आजपर्यंत जवळजवळ गप्पच आहे.

लेक काल नागपूरला परत गेली. तिचं घर आहे, नोकरी आहे, किती दिवस थांबणार. जाताना हवा खेळावी म्हणून तिने दुकानाचं शटर अर्धं वर करून ठेवलं. मी तुमच्या स्टुलावर बसले आहे आणि कापड कापायच्या टेबलावर वही ठेवली आहे. रस्त्याने जाणारे वाकून आत बघतात, मी दिसले की पुढे जातात.

भेटायला आलेल्या सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. दारव्ह्यात तुमच्यासारखी कॉलर कोणी बसवत नव्हतं म्हणाले. कोणाच्या कापडाचा उरलेला तुकडा तुम्ही कधी ठेवून घेतला नाही म्हणाले. मी मान हलवत होते. मनात मात्र एकच चाललं होतं. चाळीस वर्षं सोबत राहिलेला माणूस मला खोटं बोलणारी समजून गेला, आणि तेही नेमकं जे मी खरं सांगत होते त्याबद्दल. तुम्ही 'खोटं' हा शब्द कधीच वापरला नाही. तुम्ही म्हणायचात, "मंदा, तू मायासाठी म्हणतेस." पण अर्थ तोच होता ना?

मी लग्न होऊन आर्णीहून या घरी आले तेव्हा तुम्हाला सिनेमाची गाणी आवडायची. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. दिवसभर रेडिओ चालू. तुम्ही मशीनवर, मी खाली सतरंजीवर काज-बटण आणि तुरपाई करत. सगळी गाणी मला पाठ होती. तुमचा पाय गाण्याच्या ठेक्यावर चालायचा. गाणं चांगलं असलं की शिलाई सरळ येते, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. ती आठ-दहा वर्षं मला वाटतं आपली सगळ्यात सोपी होती. दोघांना एकच आवडत होतं, त्यामुळे त्याबद्दल बोलायचीसुद्धा गरज पडत नव्हती.

मग मास्तर आले. हायस्कुलातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. त्यांना जाकीट शिवायचं होतं. ट्रायलसाठी बसले असताना त्यांनी विचारलं, "जरा स्टेशन बदललं तर चालेल का?" त्यांना नाही कोण म्हणणार. त्यांनी काटा फिरवला आणि कोणीतरी बुवा 'आ' लावून बसलेले ऐकू आले. मास्तर डोळे मिटून बसले. त्यांच्या पाठीमागून तुम्ही माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलंत, आणि मला इतकं हसू आलं की मी तुरपाईचा शर्ट तोंडावर धरला. जाकिटाचा मुंढा बगलेत आवळ झाला होता म्हणून त्यांना तीनदा यावं लागलं. तिसऱ्या दिवशी तुमच्या मशीनचा आवाज मध्येच थांबला. मला वाटलं दोरा तुटला. वर पाहिलं तर दोरा होता तसाच होता, तुमचा पाय मशीनच्या पट्टीवर होता आणि तुम्ही भिंतीकडे बघत होतात.

मास्तर गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मंदा, काय होतं ते मले काही समजलं नाई. पण बंद झालं तं कसंतरी झालं."

"भूक लागली असंल," मी म्हणाले, आणि जेवायला वाढलं.

तेव्हा तुम्ही चाळिशीला टेकला होता. त्या वयात माणसाला नवीन काही आवडायला लागेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं आठ दिवसांत जाईल. ते गेलं नाही. रोज सकाळी तेच सुरू झालं. तुम्ही चहा घेऊन मशीनवर बसायचात आणि ते लांबलचक गाणं लावायचात. दुकानात येणारे हसायचे. "काय भौ, कोण पुढारी गेला?" असं एकाने विचारलं होतं, तुम्हीही हसलात. मला मात्र राग यायचा. आपली गाणी गेली होती. मी खाली बसून काज करत होते आणि वर तुम्ही कुठेतरी निघून गेलेले असायचात.

"एकाच सुरावर बसली हे बाई," मी म्हणायची. "पुढं काहून नाई जात?"

"जाते ना. तू थांबत नाईस."

"मले कामं आहेत."

"होय," तुम्ही म्हणायचात. "मले चाळिशीत समजलं. तुले कायची घाई आहे?"

मी रेडिओचे सेल काढून ठेवायची. बाजाराचा दिवस आहे, गिऱ्हाईक पळते, असं सांगून आवाज कमी करायची. तुम्ही भांडला नाहीत. तुम्ही लवकर उठायला लागलात, माझ्या उठायच्या आधी ऐकून घ्यायला.

एकदा तुम्ही मला यवतमाळला सकाळच्या मैफलीला नेलंत. मास्तरांनी बोलावलं होतं. मी नवीन पातळ नेसून आले आणि पहिल्या अर्ध्या तासात तुमच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. जाग आली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. तुमचा हात बधीर झाला होता. दोन तास तुम्ही तो हलवला नव्हता. बाहेर चहा घेताना मास्तरांनी मला विचारलं, "कसं वाटलं?" मी काही बोलायच्या आधी तुम्ही म्हणालात, "मंदानं शेवटपर्यंत बसून ऐकलं, मास्तर." परतीच्या जीपमध्ये तुम्ही हात चोळत होतात आणि मी खिडकीतून कापसाची शेतं बघत होते. मी तेव्हा आभार मानले नाहीत. आज मानते. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि नंतर ते कधी बोलूनही दाखवलं नाही.

आता ते सांगते जे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

मास्तर पुण्याला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा जाताना त्यांनी तुम्हाला एक कॅसेट दिली. बाजारात मिळणारी नव्हती. त्यांनीच कुठल्याशा मैफलीत स्वतःच्या छोट्या टेपवर भरलेली. त्यात लोकांचं खोकणं होतं, मध्येच कोणाचं तरी भांडं पडल्याचा आवाज होता. तुम्ही ती दर रविवारी लावायचात. त्या एका रविवारी मला ताप होता. मी आतून दोनदा पाणी मागितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. तेव्हा तुमचे कान चांगले होते. शेवटी मी भिंत धरून उठले, स्वतः पाणी घेतलं आणि दारातून पाहिलं. तुम्ही डोळे मिटून बसला होता, मास्तर बसायचे तसेच.

दोन दिवसांनी वैशालीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तिच्या नाचाचं गाणं कॅसेटवर भरून न्यायचं होतं. कोरी कॅसेट चार दुकानं पलीकडे मिळत होती. तुम्ही बाहेर गेला होतात. मी कपाटातून मास्तरांची कॅसेट काढली, तिच्यावर पुन्हा भरता यावं म्हणून वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि शेजाऱ्यांच्या दोन कॅसेटवाल्या टेपमध्ये टाकली. नाच पाच मिनिटांचा होता. गाणं भरून झालं. मी रेकॉर्डचं बटण काढलं नाही. बाजू संपेपर्यंत चालू ठेवलं. मग कॅसेट उलटी केली आणि दुसरी बाजूही संपेपर्यंत चालू ठेवली. तेवढ्या वेळात मी तांदूळ निवडले.

पुढच्या रविवारी तुम्ही कॅसेट लावली. नाचाचं गाणं वाजलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. गाणं संपलं, मग नुसतीच खरखर. तुम्ही बंद कराल असं मला वाटलं. तुम्ही केली नाहीत. ती सगळी खरखर तुम्ही शेवटपर्यंत ऐकलीत, मग बाजू पालटलीत आणि तीही ऐकलीत. मी बाहेर येऊन म्हणाले, "चुकून झालं जी. मले काय माहीत ते कोणती कॅसेट होती." तुम्ही म्हणालात, "असू दे." मग वैशालीला हाक मारली आणि विचारलं, "चांगली नाचली ना तू?"

एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही. मला वाटलं तुम्हाला पटलं. पुष्कळ वर्षांनी, भाजी चिरत असताना, माझ्या ध्यानात आलं की चुकून एक बाजू पुसली जाते. दोन बाजू चुकून पुसल्या जात नाहीत. म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी समजलं असणार. की नसेल समजलं? मी कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं.

सगळंच माझं वाईट नव्हतं. तरोट्याच्या भाजीचं आठवतं ना? पावसाळ्यात तुम्ही रस्त्याच्या कडेचा कोवळा तरोटा खुडून आणायचात. मला त्याचा वासही सहन व्हायचा नाही. ज्याला गुरं तोंड लावत नाहीत ते माणसांनी काहून खावं, म्हणून मी तुमच्यापुरतीच करायची. पन्नाशीनंतर कधीतरी कढईत उरलेली भाजी फेकायचं जिवावर आलं म्हणून भाकरीवर घेतली, आणि दुसरी भाकरी कधी संपली ते कळलं नाही. त्या पावसाळ्यात मीच तुम्हाला तरोटा आणायला पिटाळत होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, फक्त पिशवी मोठी न्यायला लागलात. भाजीचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. माझं ताट तुमच्यासमोर होतं. गाण्याचं मी काय दाखवणार होते?

तुमचे कान कधी जायला लागले ते आपल्याला दोघांनाही कळलं नाही. मशीन आता आवाज कमी करते, चांगलं तेल मिळालं, असं तुम्ही म्हणायचात. रेडिओ वाढत गेला आणि मी भांडत गेले. मग एकाने कमरेचं माप छत्तीस सांगितलं आणि तुम्ही बत्तीसची पँट शिवली. गिऱ्हाईक हसत होतं, पण तुम्ही वही काढून बघत बसलात. तुमच्याच अक्षरात बत्तीस लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून तुम्ही मापाच्या टेपवरचा आकडा स्वतः बघायला लागलात, माणसाच्या तोंडाकडे बघणं सोडलं.

वैशालीने नागपूरहून कानातली मशीन आणून दिली. ती लावल्यावर तुम्ही पहिल्यांदा माझं बोलणं ऐकलंत आणि म्हणालात, "तुया आवाज म्हातारा झाला." आम्ही हसलो. मग तुम्ही रेडिओ लावलात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने तुम्ही मशीन काढून हातात घेतली, फुंकर मारली, पुन्हा लावली.

"काय झालं, बाबा?" वैशालीने विचारलं.

"बोलणं येते," तुम्ही म्हणालात. "गाणं नाई येत. पत्र्यावर कोणी खिळे सांडून राह्यलं असं येते."

तिने ती बदलून आणली, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बोलण्यासाठी एवढं पुरे आहे. तुम्ही आठ दिवस रोज सकाळी रेडिओ लावून पाहिलात. नवव्या दिवशी लावला नाहीत. फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलात.

तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण वाटलं. इतक्या वर्षांनी सकाळी घर शांत होतं. मी देवापुढे दिवा लावला, चहा केला, कोणी 'आ' करत नव्हतं. ते बरं वाटणं महिनाभर टिकलं असेल. मग मला काहीतरी राहिल्यासारखं व्हायला लागलं, जसं गॅस बंद केला की नाही ते आठवू नये तसं. एक दिवस बातम्या ऐकायच्या म्हणून मी रेडिओ खाली काढला. तुम्ही मागे अंगणात होतात. बातम्यांना वेळ होता आणि गाणं चालू होतं. एक बाई गात होत्या. मी तरोटा निवडत होते. त्या एका सुराजवळ जायच्या, त्याला हात लावल्यासारखं करायच्या आणि परत फिरायच्या. परत जायच्या, परत फिरायच्या. माझा हात थांबला. मी वाट बघत होते. मग त्यांनी तो सूर घेतला, अगदी साधा, मोठा न करता, आणि माझे डोळे भरून आले. मला काय झालं ते कळेना. बातम्या आल्या आणि गेल्या. मी ऐकल्याच नाहीत.

जेवताना मी तुम्हाला ओरडून सांगितलं, "आज म्या गाणं ऐकलं. मले आवडलं."

तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे पाहिलंत. "कोणतं?"

"नाव नाई माहीत. बाई होती."

"काय गात होती?"

मला सांगता आलं नाही. मी म्हणाले, "एका सुरापाशी जाते अन् वापस येते."

तुम्ही हसलात, माझ्या पाठीवर थोपटलंत आणि म्हणालात, "बरं केलं." मूल शाळेतून आलं की म्हणतात तसं.

तेव्हापासून मी रोज ऐकू लागले. काही दिवस काहीच व्हायचं नाही. काही दिवस व्हायचं. मी लक्षात ठेवायची, तुम्हाला सांगता यावं म्हणून. "आज बाई खालच्या सुरातून वर आलीच नाई." "आज तबला आला तेव्हा मले राग आला, कायले आला असं वाटलं." त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे वळलात. "खरंच राग आला?" असं विचारलंत. मला वाटलं पटलं. पण लगेच तुम्ही मान हलवलीत. "मंदा, तू मायासाठी म्हणतेस. मले समजते."

वैशालीने फोनवरून सांगितलं, "बाबा, आई खरंच ऐकते. माया समोर ऐकत होती." तुम्ही फोन कानापासून लांब धरून म्हणालात, "तुमी दोघी मिळून मले खुश करून राह्यल्या."

मग ते भांडण झालं. मागच्या उन्हाळ्यात. मी सकाळी ऐकलेलं गाणं तुम्हाला गुणगुणून दाखवत होते, माझ्या फाटक्या आवाजात, तुमच्या कानाशी. तुम्ही म्हणालात, "राहू दे." मी थांबले नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात, "राहू दे ना, मंदा." आणि माझा तोल गेला. मी इतकी ओरडले की पलीकडचा किराणावाला बाहेर येऊन बघू लागला. "मले आवडते म्हणून सांगून राह्यली! ऐकू येत नाई तं नाई, इश्वास तरी ठेवा!"

तुम्ही कानातली मशीन काढलीत, डबीत ठेवलीत, डबीचं झाकण लावलंत. मग अगदी शांतपणे बोललात. "पंचवीस वर्षं मी एकटाच ऐकलो. तू आत होतीस, मी बाहेर. आता मायं गेलं, तं तुले माया आली. मले समजते, तू वाईट नाईस. पण हे एक मायं एकट्याचंच राहू दे."

मशीन डबीत होती. समोरून मी काहीही बोलले असते तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं. तुम्ही ती आधी काढलीत आणि मग बोललात. हे मला त्या वेळी लागलं नाही इतकं आता लागतं.

त्यानंतर मी तुम्हाला काही सांगितलं नाही. सकाळी तुम्ही फिरायला गेलात की ऐकायची आणि तुम्ही यायच्या आत बंद करायची. पूर्वी तुम्ही माझ्यापासून चोरून ऐकायचात. हे माझ्या ध्यानात यायचं, पण सांगणार कोणाला.

यवतमाळच्या दवाखान्यात तुम्ही नऊ दिवस होतात. सातव्या दिवशी तुम्ही बरे दिसत होतात. उशीला टेकून बसलात, चहा मागितलात. मला वाटलं आज सांगावं. कॅसेटचं सांगितलं तर गाण्याचंही पटेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. जी बाई एवढं वाईट कबूल करते ती दुसरं खोटं कशाला सांगेल? कानातली मशीन तुम्ही घरीच ठेवून आला होतात, म्हणून मी औषधाच्या कागदामागे लिहिलं. 'मास्तरांची कॅसेट मी मुद्दाम पुसली होती. दोन्ही बाजू. आणि मला गाणं खरंच आवडतं.' तुमच्या हातात दिलं.

तुम्ही कागद जवळ धरला, लांब धरला. चष्माही घरीच होता. घाईत निघालो तेव्हा मी ताट-वाटी घेतली, चादर घेतली, चष्मा घेतला नाही.

"वाचून दाखव," तुम्ही म्हणालात.

वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा होत्या. प्रत्येक खाटेजवळ कोणीतरी बसलेलं होतं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ते मला तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचावं लागलं असतं. समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून माझ्याकडे बघत होती.   मी हातानेच खूण केली, घरी गेल्यावर.

"भाजीचा कागद असंल," तुम्ही म्हणालात आणि तो घडी घालून मला परत दिलात. मग म्हणालात, "चहात साखर कमी आहे." मी साखर आणायला खाली गेले.

दोन दिवसांनी मी तुम्हाला घेऊन घरी आले. कागद माझ्या पिशवीत होता. तो मी तुमच्यासोबत पाठवणार होते. पण सगळे पुरुष तुम्हाला घेऊन निघाले तेव्हा मला कोणी पुढे जाऊ दिलं नाही, आणि मीही जोर केला नाही. तो अजून पिशवीतच आहे. त्याचं काय करायचं मला माहीत नाही.

लोक म्हणतात, मनातलं सगळं त्यांना समजत असतं. मला नाही वाटत. माणूस जिवंत असताना, समोर बसलेला असताना, मी ओरडून सांगितलेलं त्याला समजलं नाही. आता कसं समजेल? मी हे लिहिते आहे ते तुम्ही वाचणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण आज सकाळी जे झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही.

तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा रेडिओ लावला. मुद्दाम लवकर उठले. तुमच्या या स्टुलावर बसले, कोणी आड येऊ नये म्हणून फोन आत ठेवला. एक बुवा गात होते. आवाज चांगला होता, हे मला आता कळतं. ते एका सुरावर थांबले. मी थांबले. ते पुढे गेले, मी त्यांच्यासोबत जायचा प्रयत्न केला. काही झालं नाही. मला वाटलं अजून वेळ लागेल. तबला सुरू झाला. मी डोळे मिटून पाहिलं, हात मांडीवर ठेवून पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता आणि मी मनात म्हणत होते, हे संपणार कधी. संपलं. मग कापूस-सोयाबीनचे भाव सुरू झाले. तेही मी पूर्ण ऐकले.

दुःखात असं होतं, म्हणतील लोक. आठ दिवसांनी लावून पाहा. मी लावेन. पण बसल्या बसल्या एक गोष्ट मनात आली, ती जात नाही. गेली तीन वर्षं मी जे ऐकत होते ते तुम्हाला सांगण्यासाठी ऐकत होते का? तुम्ही पुढे बसला होता, तुम्हाला काहीतरी नेऊन द्यायचं होतं, म्हणून कान उघडले होते का? तसं असेल तर तुमचंच बरोबर होतं. मी तुमच्यासाठीच म्हणत होते. आणि तरी त्या पहिल्या दिवशी तुम्ही अंगणात होतात, मला काही सांगायचं नव्हतं, आणि माझे डोळे भरले होते. ते काय होतं मग? मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर आपण भांडून ठरवलं असतं.

दुपारी वैशालीचा फोन आला. जेवलीस का, शटर नीट लाव, दुकानाचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात आल्यावर बघू, असं सगळं झालं. मग तिने विचारलं.

"आई, सकाळी गाणं लावलंतं का?"

"लावलंतं."

"कसं होतं?"

आतल्या खोलीत उभी होते मी. तिच्या आवाजात रडू होतं, आणि ती ते आवरून बोलत होती.

"लय सुंदर होतं," मी म्हणाले. "बुवा होते कोणी. डोळे भरून आले."

"बरं झालं आई," ती म्हणाली, आणि मला ऐकू आलं, तिने मोठा श्वास सोडला. "तेवढा तरी आधार राहीन तुले. मले चिंता होती."

तिने माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवला.